बोटीच्या तळात सांडलेले तेल : उपसणे, पुसणे आणि विल्हेवाट लावणे

इंजिन असलेल्या बोटीत तेल कधी ना कधी सांडतेच. फिल्टर काढताना वाटीभर तेल मनगटावरून ओघळते, डिझेलची नळी कंपनाने घासून घासून एके दिवशी चिरते, सुकाणूच्या हायड्रॉलिक सिलिंडरचे सील जुने होऊन पाझरू लागते. गॅरेजच्या फरशीवर सांडलेले तेल जिथे पडले तिथेच राहते आणि त्यावर भुसा टाकून ते झाडून घेता येते. बोटीत ते उताराने घरंगळत तळाशी, म्हणजे बिल्जमध्ये जाते, तिथे आधीच साचलेल्या पाण्यावर पसरते, आणि तळातले सारे काही बोटीबाहेर फेकणारा पंपही नेमका त्याच पाण्यात बसवलेला असतो.

सांडण्यामुळे जेवढे नुकसान होते त्याहून अधिक ते साफ करण्याच्या घाईत होते, असे माझे मत आहे. कोणी पंप बंद करायला विसरतो, कोणी भांड्यांचा साबण ओततो, कोणी पाण्याची नळी लावून तळ धुऊन काढतो, आणि दोन लिटर तेलाचे बघता बघता चाळीस लिटर तेलकट पाणी होऊन बसते. पुढच्या सगळ्या पायऱ्यांमागे दोनच गोष्टी आहेत : तेल बोटीबाहेर जाऊ द्यायचे नाही, आणि शेवटपर्यंत ते पाण्यापासून होता होईल तेवढे वेगळे ठेवायचे.

आधी नाक, मग हात

सांडले आहे ते पेट्रोल आहे की दुसरे काही, याचा निर्णय पहिल्या श्वासात करावा लागतो. पेट्रोल उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेण्याजोगी वाफ सोडते. ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असल्याने वर उडून न जाता बिल्जमध्येच साचून राहते, आणि हवेत तिचे प्रमाण जेमतेम दीड टक्का झाले की एक ठिणगी पुरेशी होते. म्हणून पेट्रोलचा वास आला तर कोणत्याही बटणाला हात लावू नये. दिवा लावू नये आणि लागलेला दिवा बंदही करू नये, कारण बॅटरीचा मुख्य स्विच फिरवतानासुद्धा ठिणगी उडू शकते. सर्वांना बोटीतून उतरवावे, ते शक्य नसेल तर उघड्या डेकवर आणावे, जाता जाता हाताला येतील ती झाकणे आणि खिडक्या उघडून वारा खेळू द्यावा, धक्क्यावरून वीज घेतलेली असेल तर ती धक्क्याच्या टोकाकडून तोडावी, आणि बंदराच्या किंवा अग्निशमनाच्या माणसांना बोलवावे. स्वयंचलित पंप मध्येच सुरू होऊन पेट्रोल पाण्यात फेकेल ही भीती खरी आहे, पण इथे माणसांचा जीव पाण्याच्या आधी येतो. बंद तळात साचलेले पेट्रोल स्वतः उपसण्याचे धाडस करू नये. या लेखातली पुढची कृती त्यासाठी नाही.

डिझेल, इंजिन ऑइल, गिअर ऑइल आणि हायड्रॉलिक तेल यांच्याबाबत एवढी धास्ती नसते. डिझेलचा ज्वलनबिंदू, म्हणजे पेट घेण्याजोगी वाफ सुटू लागण्याचे तापमान, सहसा ५० अंशांच्या वर असतो, त्यामुळे थंड तळातले डिझेलचे डबके काडीनेही सहजासहजी पेटत नाही. मात्र तेच डिझेल चिरलेल्या नळीतून बारीक फवाऱ्यासारखे तापलेल्या एक्झॉस्टवर उडाले, किंवा एक्झॉस्टभोवतीच्या उष्णतारोधक गुंडाळणीत मुरले, तर आग लागू शकते. म्हणून इंजिन बंद करून निवू द्यावे, गुंडाळणी भिजलेली आढळली तर ती नवी बसवल्याशिवाय इंजिन चालवू नये, आणि तेलाच्या आगीसाठी चालणारा अग्निशामक हाताशी ठेवावा.

तिसरा प्रकार फसवा असतो. तळातला द्रव हिरवा किंवा गुलाबी दिसत असेल आणि त्याला गोडसर वास येत असेल, तर ते तेल नसून इंजिनाचे कूलंट असण्याचा संभव अधिक. काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घेऊन त्यात त्याचे चार थेंब सोडावेत : तेल वर तरंगते, कूलंट पाण्यात विरघळून जाते. हा फरक महत्त्वाचा, कारण केवळ तेल शोषणारे पॅड कूलंटला शिवतही नाहीत, आणि बहुतेक कूलंटमध्ये असणारे इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असल्याने ते उघड्या बादलीत ठेवणे मुलांसाठी आणि जनावरांसाठी धोक्याचे आहे. ते वेगळ्या झाकणबंद कॅनमध्ये भरावे आणि तेलात मिसळू नये.

पंपाचा फ्यूज

एकदा तेल बदलून झाल्यावर मी इंजिन सुरू केले आणि फिल्टरच्या कडेने काळे तेल भसाभसा बाहेर आले. जुन्या फिल्टरची रबरी गॅस्केट इंजिनाच्या तोंडालाच चिकटून राहिली होती आणि नवा फिल्टर मी तिच्यावरच आवळला होता. इंजिन तत्काळ बंद केले. हात पुसायला फडके शोधत होतो, तेवढ्यात पायाखालून पंपाची घरघर ऐकू आली. मुख्य स्विचकडे धावलो, तो फिरवला, तरी घरघर चालूच. पाणी चढले की पंप आपोआप सुरू करणाऱ्या फ्लोट स्विचची तार थेट बॅटरीला जोडलेली होती, हे मला माहीत असूनही त्या क्षणी आठवले नाही. फ्यूज उपसेपर्यंत बोटीच्या कडेला रंगीत तवंग पसरत चाललेला होता, आणि तो पाहून शेजारच्या बोटीवरचा माणूस काही न बोलता नुसता माझ्याकडे बघत उभा होता.

पंपाची तार अशी थेट बॅटरीला जोडणे ही चूक नसते. मालक मुख्य स्विच बंद करून घरी गेला तरी बोट बुडू नये म्हणून ती मुद्दाम तशी जोडलेली असते. म्हणूनच नुसत्या मुख्य स्विचवर न विसंबता पंपाचा फ्यूज काढून खिशात टाकावा आणि फ्लोट स्विच हाताने उचलून पाहून पंप खरोखरच मुका झाला आहे याची खात्री करावी. पंपाचे तोंड तळाशी असल्याने आधी तेलाखालचे पाणी बाहेर जाते आणि तेलाची पाळी पातळी उतरल्यावर येते. त्यामुळे बाहेर पडणारे पाणी स्वच्छ दिसते म्हणून पंप चालू ठेवणाऱ्याची शेवटच्या काही सेकंदांत फसगत होते.

थोडेसे गेले तर काय बिघडते, असे म्हणणाऱ्यांनी एक हिशेब करून पाहावा. पाण्यावरचा अगदी पातळ रुपेरी तवंग मायक्रॉनच्या दहाव्या हिश्श्याइतका जाड असू शकतो. त्या जाडीने एक लिटर तेल पसरले तर दहा हजार चौरस मीटर, म्हणजे एक हेक्टर पाणी झाकले जाते.

मात्र पंप बंद असलेली बोट ही पहारेकरी नसलेली बोट असते. फ्यूज काढल्यावर सुकाणूच्या चाकाला किंवा इंजिनाच्या चावीला ठळक चिठ्ठी बांधावी, काम संपेपर्यंत बोट सोडून जाऊ नये आणि दर थोड्या वेळाने पाण्याची पातळी पाहावी. पाणी खरोखरच चढत असेल तर तेलाचा विचार बाजूला ठेवून आधी बोट वाचवावी.

गळती थांबवणे आणि तेल अडवणे

पंपानंतरचे काम म्हणजे तेलाचा उगम बंद करणे. डिझेल असेल तर टाकीचा कॉक बंद करावा. नळी चिरलेली असेल तर तिच्याखाली घमेले किंवा कापलेला कॅन ठेवून चिरीवर चिंधी घट्ट बांधावी, तेवढ्याने निदान फवारा थांबून थेंब सुरू होतात. दुरुस्ती आत्ता करायची नाही, नुसते वाहणे थांबवायचे.

मग तेल जिथे आहे तिथेच कोंडावे. बोटीच्या तळातल्या आडव्या फासळ्यांना खालच्या बाजूने लहान भोके ठेवलेली असतात, त्यांतून पाणी एका कप्प्यातून दुसऱ्यात वाहत पंपापर्यंत पोहोचते. इंजिनाखालच्या कप्प्याची ही भोके शोषक पॅडचे तुकडे पिळून गच्च बसवून बंद केली, तर उरलेला तळ कोरा राहतो आणि पुढचे अर्धे काम वाचते. बोट डोलत असेल तर हे लवकर करावे, कारण प्रत्येक हेलकाव्यासरशी तेल नव्या फळीला लागत जाते. भोके बंद केल्याचे नंतर विसरू नये. त्यांतला एखादा तुकडा सुटून पंपाच्या तोंडात गेला तर पंप ऐन वेळी दगा देतो.

हाताला नायट्राइलचे हातमोजे घालावेत. साधे रबरी, म्हणजे लॅटेक्सचे हातमोजे तेलाने फुगून फाटतात. वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये जळणातून आलेली घातक संयुगे आणि झिजलेल्या धातूचे कण असतात, त्यामुळे ‘एवढ्याने काय होते’ म्हणून रोज उघड्या हाताने ते हाताळणे बरे नव्हे. डिझेलच्या वाफेने बंद जागेत डोके चढते. झाकणे उघडी ठेवावीत आणि अधूनमधून वर येऊन मोकळी हवा घ्यावी.

साय काढावी तसे

बहुतेक लोक इथे थेट पॅड टाकतात. तेल पेलाभर असेल तर ते ठीक आहे. दोन, चार, दहा लिटर असेल तर आधी उपसावे, कारण उपसलेले तेल कॅनमध्ये भरून पुनर्वापरासाठी देता येते, तर पॅडमध्ये मुरलेल्या तेलाचा निव्वळ कचरा होतो आणि त्याची विल्हेवाट लावणेही अवघड असते.

उपसण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे काहीही न हलवता थांबावे. डिझेल आणि इंजिन ऑइल दोन्ही पाण्यापेक्षा हलकी असतात, त्यामुळे ढवळलेले पाणी शांत होऊ दिले तर तेलाचा थर आपोआप वर येतो. त्यानंतर दुधावरची साय खालचे दूध न हलवता उचलावी तसे ते काढायचे आहे. पसरट कडेचा मग किंवा वाटी आडवी धरून तिची कड तेलाच्या पातळीच्या केसभर खाली न्यावी आणि थराला आत ओघळू द्यावे. मग किंवा वाटी बुडवून भरू नये, तसे केले की निम्मे पाणीच येते. अडचणीच्या जागी मोठी सिरिंज किंवा हाताने दाबायचा रबरी फुगा असलेली नळी कामाला येते. तेल बदलण्यासाठी मिळणारा हातपंप असेल तर त्याच्या नळीचे टोक काडीला बांधून तेलाच्या थरातच राहील असे धरावे. विजेवर चालणाऱ्या व्हॅक्यूम क्लीनरने तेल ओढण्याचा मोह टाळावा. त्याच्या मोटारीत ठिणग्या होतात आणि हवेबरोबर खेचलेले इंधन तुषार होऊन तिच्याजवळून जाते.

काळे इंजिन ऑइल थंडीत घट्ट होऊन तळाला चिकटते. ते प्लास्टिकच्या पट्टीने किंवा जुन्या रबरी वायपरने एका कोपऱ्यात ओढत आणावे आणि सुपलीने भरावे. लोखंडी खरवडणी वापरल्यास तळाचा रंग निघतो, मग त्या ओरखड्यांत पुढच्या वेळी तेल आणखी खोल बसते.

उपसलेले तेल आणि पाणी उघड्या बादलीत न ठेवता पारदर्शक किंवा निदान अर्धपारदर्शक कॅनमध्ये ओतून उभे ठेवावे, म्हणजे रात्रभरात दोन थर स्पष्ट दिसू लागतात.

शोषक पॅड आणि त्यांची समज

थर उपसून झाल्यावर पाण्यावर उरलेल्या तवंगासाठी पॅड वापरायचे. पॉलिप्रॉपिलीनच्या तंतूंचे, सहसा पांढऱ्या रंगाचे पॅड तेल पितात आणि पाणी नाकारतात, म्हणून ते पाण्यावर तरंगत राहून केवळ तेल घेतात. करड्या रंगाचे पॅड सर्व प्रकारचे द्रव शोषतात. ते कोरड्या डेकवर उत्तम, पण बिल्जच्या पाण्यात टाकले तर पाण्यानेच भरून जातात. विकत घेताना रंगावर न जाता वेष्टनावर ‘फक्त तेल’ असे आहे का ते वाचावे. पॅड नसतील आणि वेळ आली असेल तर जुने सुती कपडे, टॉवेल, वर्तमानपत्रे चालतात, पण ती तेलाइतकेच पाणी पितात, म्हणून आधी पाण्याचा थर शक्य तितका कमी असावा.

पॅड टाकून ढवळू नये. तो तवंगावर सपाट पसरावा, दहा मिनिटे राहू द्यावा, मग उलटावा. पातळ डिझेल पॅड पटकन ओढतो, घट्ट गिअर ऑइलला अर्धा तास लागतो. पॅड सर्वत्र सारखा काळा झाला आणि दाबल्यावर तेल गळू लागले की तो भरला असे समजावे. ताजा पॅड बादलीवर पिळून पुन्हा एक-दोनदा वापरता येतो, आणि पिळून निघालेले तेल कॅनमध्ये जाते. इंजिनाखालच्या खोल खाचेत सॉसेजसारखी लांब शोषक गुंडाळी सोडल्यास ती हात न पोहोचणाऱ्या जागेतले तेल घेते, पण तिला दोरी बांधून दोरीचे टोक वर कुठेतरी अडकवून ठेवावे.

भुसा, वाळू किंवा मातीचे दाणे बिल्जमध्ये कधीही टाकू नयेत. डेकवर सांडलेल्या तेलाला ते चालतात. तळात मात्र त्यांचा गाळ होतो आणि पंपाची जाळी व फासळ्यांची भोके बुजतात.

साबणाबद्दल

साबण ओतला की तवंग दिसेनासा होतो, म्हणून तो ओतण्याची सवय सर्वत्र आहे. तेल कोठेही गेलेले नसते. साबणाने त्याचे सूक्ष्म थेंब होऊन ते पाण्यात अडकतात. हे पाणी दुधासारखे पांढुरके दिसते, दिवसचे दिवस उभे ठेवले तरी त्याचे थर होत नाहीत, शोषक पॅड त्यातले तेल नीट धरत नाहीत आणि तेल व पाणी वेगळे करणारी यंत्रेही त्यापुढे हात टेकतात. असे पाणी बोटीबाहेर गेले तर तेल पृष्ठभागावर न राहता पाण्यात खोलवर मिसळते, म्हणजे माशांच्या कल्ल्यांपर्यंत आणि तळाच्या चिखलापर्यंत जाते. ‘पर्यावरणस्नेही’ किंवा ‘जैवविघटनशील’ लिहिलेला बिल्ज क्लीनरही याला अपवाद नाही; तो क्लीनर विघटित होत असेल, पण त्याने मिसळवलेले तेल तेलच राहते.

मोठ्या जहाजांना लागू असलेला नियम पाहिला म्हणजे ही गोष्ट किती गंभीरपणे घेतली जाते ते कळते. सागरी प्रदूषण रोखण्याच्या ‘मारपोल’ या आंतरराष्ट्रीय कराराचे तेलासंबंधीचे पहिले परिशिष्ट १९८३ पासून अमलात आहे. त्यानुसार चालत्या जहाजातून गाळून बाहेर सोडलेल्या पाण्यात तेलाचे प्रमाण दशलक्ष भागांत १५ भागांहून अधिक असता कामा नये. एक लिटर तेल या मर्यादेत बसवायचे तर सुमारे ६६ हजार लिटर पाणी लागेल. छोट्या बोटीवर अशी गाळणी नसते, तेव्हा तेलकट पाणी आतच ठेवून किनाऱ्यावर देणे हाच सरळ मार्ग उरतो.

धुणे

साबणाला एक जागा आहे, आणि ती सर्वांत शेवटची. पाणी उपसून, पॅडने टिपून, कोरड्या फडक्याने पुसून झाल्यावर तळावर जो चिकट थर राहतो, तो काढण्यासाठी थोडा डीग्रीझर, म्हणजे तेलकटपणा काढणारा द्रव, फडक्यावर घ्यावा, तळावर ओतू नये. हातभर जागा चोळावी, लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसून घ्यावी, मग पुढची हातभर जागा. अशा रीतीने सबंध इंजिनाखालचा भाग एक-दोन लिटर पाण्यात स्वच्छ होतो, आणि तेवढे पाणी स्पंजने टिपून वेगळ्या कॅनमध्ये भरता येते. नळी लावून धुणाऱ्याला तेच काम करायला पन्नास लिटर लागतात आणि ते पन्नास लिटर ठेवायचे कोठे हा प्रश्न पडतो. नळ्या, तारा आणि इंजिन ज्यांवर टेकते ते रबरी माउंट विसरू नयेत. तेलात भिजत राहिलेले रबर मऊ पडून फुगते, माउंट खचतात आणि इंजिनाची शाफ्टशी असलेली सरळ रेषा बिघडते.

तळ कशाचा आहे त्यावर थोडा फरक पडतो. फायबरच्या बोटीचा गुळगुळीत थर सर्वांत सोपा. पण जिथे रंग किंवा जेलकोट उडून नुसते फायबरचे तंतू उघडे पडले आहेत तिथे तेल मुरते, आणि डेकखाली भरलेला फोम एकदा भिजला तर तो महिनोन्महिने डिझेलचा वास सोडत राहतो, त्याला तेवढा भाग कापून काढण्यावाचून इलाज नाही. ॲल्युमिनियमच्या बोटीत कॉस्टिक सोडा असलेले जोरकस डीग्रीझर वापरू नयेत, कारण सोडा ॲल्युमिनियमला खातो आणि त्या क्रियेत हायड्रोजन वायू सुटतो. लाकडी बोटीत तेल फळ्यांच्या सांध्यांत आणि तंतूंत शिरते आणि पुढे तिथे ना रंग धरतो ना लुकण. अशा ठिकाणी मुलतानी माती किंवा खडूची भुकटी कोरडी पसरून रात्रभर ठेवावी, सकाळी तेलाने गडद झालेली भुकटी ब्रशने सुपलीत घ्यावी आणि नवी भुकटी गडद होणे थांबेपर्यंत हे पुन्हा करावे. काम सावकाशीचे आहे, पण फळीला पाणी न लावता तेल ओढून घेणारा याहून साधा उपाय मला सापडलेला नाही. भुकटीचा कण न् कण काढूनच पुढे जावे.

पंप पुन्हा जोडण्यापूर्वी

पंपाची जाळी काढून पुसावी, फ्लोट स्विचवरची चिकट लाळ काढावी, कारण तेलकट गाळाने तो वर किंवा खाली अडकून बसतो. वर अडकला तर पंप अखंड चालून जळतो, खाली अडकला तर गरजेला चालतच नाही. बोटीबाहेर जाणाऱ्या पंपाच्या नळीतही तेल थांबलेले असते आणि बरेच जण इथेच शेवटी मात खातात. बाहेरच्या तोंडाखाली बादली टांगून किंवा नळी आतून सोडवून तिचे टोक कॅनमध्ये घालून तळात दोन-तीन लिटर स्वच्छ पाणी सोडावे आणि पंप चालवून ते सारे पाणी पकडावे. त्यावर तवंग दिसला तर पुन्हा एकदा. तवंग दिसेनासा झाला की नळी जागेवर बसवावी, फ्यूज घालावा, फासळ्यांच्या भोकांतले तुकडे मोजून काढावेत आणि मगच चावीवरची चिठ्ठी सोडावी.

विल्हेवाट

आता आपल्याजवळ चार वेगवेगळ्या गोष्टी असतात किंवा असायला हव्यात : बऱ्यापैकी शुद्ध तेल, तेलकट पाणी, साबणाचे पाणी, आणि भिजलेले पॅड व फडकी. या चारही वेगळ्या ठेवण्यातच सारी मख्खी आहे. वापरलेले इंजिन ऑइल शुद्ध करून त्यापासून पुन्हा बेस ऑइल, म्हणजे नव्या वंगणाचे मूळ तेल, तयार करता येते, म्हणून गोळा करणारे ते घेतात. पण त्यात कूलंट, पेट्रोल, रंगाचे थिनर किंवा ब्रेक क्लीनरसारखे द्रावक पडले तर कॅनमधले सगळेच तेल नाकारले जाऊ शकते. डिझेल वेगळे ठेवावे. पाणी शिरलेले डिझेल गाळून पुन्हा टाकीत घालण्याचा विचारही करू नये, कारण त्याची किंमत इंजिनात इंधन फवारणारे इंजेक्टर मोजतात.

रात्रभर उभ्या ठेवलेल्या कॅनमध्ये थर झाले असतील तर वरचे तेल हातपंपाने सावकाश दुसऱ्या कॅनमध्ये घ्यावे आणि मधला गढूळ थर तेलकट पाण्यातच राहू द्यावा. खाली राहिलेले पाणी डोळ्यांना नितळ दिसले तरी ते ना गटारात, ना जमिनीवर, ना बोटीबाहेर ओतावे.

कॅन जाड प्लास्टिकचा, आट्यांच्या झाकणाचा असावा. तेलाचाच रिकामा कॅन उत्तम. पिण्याच्या पाण्याची किंवा खाद्यपदार्थाची बाटली कधीही वापरू नये. तिच्यात काय आहे हे विसरणारा माणूस घरचाच निघू शकतो. कॅन गळ्यापर्यंत न भरता थोडी जागा रिकामी सोडावी, कारण उन्हात तेल प्रसरण पावते, आणि बाहेरून पुसून त्यावर आत काय आहे व कोणत्या तारखेचे आहे ते न पुसणाऱ्या शाईने लिहावे. महिन्याभराने धक्क्यावरच्या ओळीतला आपला काळा द्रव कोणता, हे वासावरून ओळखण्याची वेळ येऊ नये.

पॅड आणि फडकी बादलीवर निथळून, पिळून, दुहेरी जाड पिशवीत बांधावीत किंवा झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवावीत, आणि उन्हापासून व इंजिनखोलीपासून दूर ठेवावीत. लाकडाला लावायच्या अळशीच्या तेलाची फडकी त्यांत मुळीच मिसळू नयेत. अळशीचे तेल वाळताना उष्णता सोडते आणि चोळामोळा करून ठेवलेले फडके आपोआप पेट घेऊ शकते. जुना फिल्टर इंजिन कोमट असताना काढून, तोंड खाली करून रात्रभर कॅनवर निथळत ठेवावा आणि पॅडबरोबर द्यावा. पॅड जाळून टाकणे, पुरणे किंवा रोजच्या कचऱ्यात दडवणे हे तिन्ही मार्ग बंद समजावेत.

हे सारे कोठे द्यायचे, याचे उत्तर बंदरागणिक बदलते. व्यापारी बंदरांमध्ये तेलकट कचरा स्वीकारण्याची सोय असावी अशी मारपोलची अपेक्षा आहे; लहान धक्क्यांवर आणि मरीनांमध्ये वापरलेल्या तेलाचे पिंप असू शकते, नाहीतर स्थानिक घातक कचरा संकलन केंद्र किंवा तेल बदलून देणारी गॅरेजेस ते घेतात. मात्र तेलकट पाणी आणि पॅड घेणारे थोडेच असतात, म्हणून नेण्यापूर्वी विचारून घ्यावे आणि काय मिसळले आहे ते खरे सांगावे. बंद असलेल्या केंद्राच्या दारात कॅन ठेवून निघून जाणे म्हणजे तेल पुन्हा सांडण्याची व्यवस्था करणे.

बोटीबाहेर गेलेच तर

पाण्यावर तवंग दिसला तर उगम बंद करून, दोरी बांधलेल्या शोषक गुंडाळ्या तवंगाच्या वाऱ्याखालच्या बाजूला सोडाव्यात, म्हणजे वारा आणि प्रवाह तेल आपोआप त्यांच्याकडे ढकलत आणतात. मागे धावून पकडायला गेले तर तवंग फक्त फाटत जातो. त्याच वेळी बंदराच्या कार्यालयाला किंवा तटरक्षकांना कळवावे. अनेक देशांत कळवणे कायद्यानेच सक्तीचे आहे. सांगताना जागा, वेळ, कोणते तेल, अंदाजे किती, आणि गळती थांबली आहे की चालू आहे, एवढे पुरते. तवंग लपवण्यासाठी त्यावर साबण फवारणे हा कित्येक ठिकाणी वेगळा गुन्हा ठरतो.

पुन्हा सांडू नये म्हणून

स्वच्छ तळ ही गळती शोधण्याची उत्तम संधी असते, कारण मळलेल्या इंजिनावर नवा थेंब दिसत नाही. इंजिनाखाली कोरा पांढरा पॅड सपाट पसरून त्यावर पेनने पुढची आणि मागची बाजू खुणावी, अर्धा तास इंजिन चालवून पॅड बाहेर काढावा. डाग कोठे पडला त्यावरून थेंब कोठून पडतो ते कळते. लाल डाग बहुधा गिअरच्या तेलाचा, काळा इंजिनाचा, आणि कडा पसरत जाणारा जवळजवळ रंगहीन, उग्र वासाचा डाग डिझेलचा. इंजिनाच्या तेलाची पट्टीही पाहावी. पातळी उतरत असेल तर बाहेर गळते आहे; वर चढत असेल तर डिझेल किंवा पाणी आत शिरते आहे, आणि ते अधिक वाईट.

फिल्टर बदलताना खाली कापलेला कॅन आणि भोवती पॅड गुंडाळावा, इंजिनाच्या तोंडावर जुनी गॅस्केट राहिली नाही ना हे बोट फिरवून पाहावे, आणि तेल बदलल्यानंतर पहिल्यांदा इंजिन सुरू करताना एकाने चावीजवळ आणि दुसऱ्याने दिवा घेऊन फिल्टरजवळ उभे राहावे. मी आता पंपाचा फ्यूजही त्या वेळेपुरता आधीच काढून ठेवतो. इंजिनाखाली दोरीने बांधलेली एक शोषक गुंडाळी, पंपाच्या तोंडापासून आणि फ्लोट स्विचपासून हातभर दूर, कायम असू द्यावी आणि ती काळी झाली की बदलावी. बोटीवर वीसेक पॅड, दोन गुंडाळ्या, नायट्राइलचे हातमोजे, जाड पिशव्या, एक रिकामा कॅन, मग आणि मोठी सिरिंज एवढे सामान एका झाकणाच्या बादलीत भरून ठेवावे. ती बादली इंजिनखोलीच्या दाराबाहेर असावी, आत नव्हे; सांडलेल्या तेलावरून चालत जाऊन ती आणावी लागली तर पावलांचे ठसे सबंध डेकवर उमटतात.